मुकं कार्ड

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा गाळा आहे. दोन टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, कोपऱ्यात लेथ, मागे डिबरिंगचं टेबल. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी सव्वाआठला त्यांचा फोन आला.

"अरे, जुन्या मशीनची मेमरी उडाली. दोन दिवस लाइट नव्हती, आणि कंट्रोलची बॅटरी संपत आलेली कुणाच्या लक्षात आली नाही. बॅकअपचं कार्ड आहे, पण मशीन ते घेत नाहीये. तुझा तो जाडा लॅपटॉप घेऊन येतोस का?"

जाडा लॅपटॉप म्हणजे माझा वीस वर्षांचा थिंकपॅड. त्याच्या एका अंगाला आडवी, झाकणवाली खाच आहे. आजच्या मुलांना ती दाखवली तर तिथे काय घालायचं हे बहुतेकांना सांगता येणार नाही. पीसीएमसीआयए कार्डाची, म्हणजे लॅपटॉपला मेमरी, मोडेम वगैरे जोडायच्या जुन्या कार्डाची, खाच ती. मी लॅपटॉप उचलला, ऑफिसात रजा कळवली आणि निघालो.

सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या, मशीनचं पोट ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या पिढीच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकात, पॅरामीटर, टूल ऑफसेट, प्रोग्राम हे सगळं बॅटरीवर तगून राहिलेल्या मेमरीत असतं. मशीन बंद असताना बॅटरी गेली की ते पुसलं जातं. मग उरतं ते नुसतं लोखंड. स्लाइड कुठवर न्यायची, स्पिंडल किती वेगानं फिरवायचा, टूल धरणाऱ्या टरेटवर कितवं टूल समोर आहे, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. म्हणून शहाणा मेंटेनन्सवाला सगळ्या मेमरीची एक नक्कल कार्डावर घेऊन ठेवतो. मामांनीही ठेवली होती. अडचण अशी की त्यांचं कार्डसुद्धा त्याच जातीचं. एसरॅमचं कार्ड, आत नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की कार्डही कोरं.

गाळ्यात पोचलो तेव्हा मशीन जुळवून देणारे सेटर स्टुलावर बसून होते आणि कंट्रोलच्या पडद्यावर अलार्मच्या ओळीच ओळी. मामांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. क्रेडिट कार्डाच्याच मापाचं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, पण जाड आणि हाताला गार. एका कडेला दोन ओळींत अडुसष्ट बारीक भोकं. दुसऱ्या कडेला बॅटरीचा कप्पा आणि नखानं सरकवायचं लिहिण्याबंदीचं बटण. मी ते बटण आधी बंदीकडे सरकवलं आणि मगच कार्ड खाचेत ढकललं. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला थोडा जोर लागतो, तो लावताना बोटाला कळतं की बसलं.

त्या शेवटच्या जोरामागे जी कारागिरी आहे ती मला कायम आवडत आलेली आहे. खाचेतल्या पिना एका लांबीच्या नसतात. ग्राउंडच्या आणि वीज देणाऱ्या सर्वांत लांब, त्या आधी भिडतात. मग माहिती वाहणाऱ्या. आणि सर्वांत आखूड दोन, कार्ड पुरतं बसलंय एवढंच सांगणाऱ्या, दोन टोकांना. त्या दोन्ही भिडल्याशिवाय लॅपटॉप कार्डाला हातच लावत नाही. तिरकं बसलं, अर्धवट बसलं, तर काही होत नाही. चालू यंत्रात वस्तू घालायची आणि काढायची सोय यूएसबीच्या कितीतरी आधी, १९९०च्या सुमाराला, लोकांनी पिनांच्या लांबीवरून साधली होती.

पण लॅपटॉपनं कार्ड ओळखलं नाही.

साधारण प्रत्येक कार्डात एक छोटा परिचय कोरलेला असतो. मी कोण, कुणी बनवलं, मोडेम आहे की नेटवर्क कार्ड, किती वीज लागेल. खाचेत गेल्यावर कार्ड तो परिचय देतं आणि त्यावरून ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, ठरतो. स्वस्तातल्या आणि जुन्या एसरॅम कार्डांपैकी काहींत तो परिचयच नसतो. मामांचं कार्ड तसलं, मुकं. विचारलं तरी काही सांगत नाही.

आणि इथे माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली, म्हणजे तिच्या गाभ्यातली, एक गोष्ट कामाला आली. मेमरी कार्डांच्या ड्रायव्हरला तिथे एक जादा पर्याय आहे. जे कार्ड स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, त्याला मेमरी कार्ड समजा. बस, एवढाच. नेहमीच्या वापरात हा पर्याय कुणाला लागत नाही. पण ज्यानं कधीतरी तो लिहिला त्याच्या टेबलावर असंच एखादं मुकं कार्ड पडलेलं असणार, आणि ते फेकून देण्याऐवजी त्यानं त्याच्यासाठी जागा करून ठेवली. मी काही वर्षांपूर्वी त्या लॅपटॉपसाठी कर्नल स्वतः बांधला तेव्हा तो पर्याय चालू केलेला होता. त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल हातानं चढवलं आणि कार्ड दिसलं. सोबत इशारा: बॅटरी उतरलेली आहे. या कार्डांना बॅटरीची हालत सांगायला दोन पिना असतात. एक म्हणते बॅटरी कमी आहे पण माहिती शाबूत, दुसरी म्हणते आता माहितीचा भरवसा नाही. आमची अजून पहिल्यावरच होती.

पूर्ण कार्डाची प्रत लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग तीच पुन्हा एकदा उतरवली, दोन्ही ताडून पाहिल्या. जुळल्या तेव्हा कुठे मामांना चहा सांगा म्हणालो. कार्ड खाचेत असतानाच बॅटरी बदलली, कारण खाचेतून वीज मिळत असते तोवर मेमरी पुसली जात नाही. मग कार्ड मशीनला लावलं, पडद्याखालच्या बटणांपैकी उजवीकडची शेवटची दोन दाबून धरून कंट्रोल चालू केला, मेमरी परत भरायचा मेनू आला. अकरा वाजता सेटरनी पहिला जॉब काढून मायक्रोमीटरला लावला.

हे सगळं एवढं लांबवून सांगितलं, कारण त्याच आठवड्यात मी एका वेगळ्या वादात दुसऱ्या बाजूला उभा होतो.

मी पोटापाण्यासाठी ड्रायव्हर लिहितो. लिनक्सच्या कर्नलमधून या जुन्या लॅपटॉप कार्डांचा आधार काढून टाकायचा का, हा प्रश्न काही वर्षं परत परत निघतो आहे, आणि आमच्या ऑफिसात त्यावर बोलणं झालं तेव्हा मी ठामपणे म्हणालो होतो, काढा. ते मी उगाच म्हणालो नव्हतो. त्यामागची कारणं मला आजही पटतात, म्हणून तीही मांडतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की लिहिलेला ड्रायव्हर पडून राहिला तर कुणाचं काय खातो? खातो. कर्नलच्या आतल्या भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे कायमचं ठरलेलं नसतं. ते सतत सुधारत असतं आणि सुधारलंही पाहिजे. पण आतला एक प्रकार बदलला की तो वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि तो बदल करायचा असतो ज्यानं सुधारणा केली त्यानं. मी हे केलेलं आहे. एका फंक्शनचा एक पॅरामीटर बदलला आणि पंधरा-वीस फायलींत हात घालावा लागला. त्यातली यंत्रं माझ्याकडे होती तीन. बाकीच्या ठिकाणी मी बदल केले, कंपायलरनं तक्रार केली नाही, आणि मी पुढे गेलो. त्यातला एखादा ड्रायव्हर त्या दिवसापासून मोडलेला असेल तर ते मला कळायला मार्ग नाही. असे बदल दहा वर्षं झाले की जो ड्रायव्हर "आधार आहे" म्हणून यादीत दिसतो तो प्रत्यक्षात चालतो की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुरक्षेचं तर त्याहून अवघड. या कार्डांचं वैशिष्ट्यच असं की ती कधीही उपटता येतात. प्रोग्राम कार्डाशी बोलतो आहे आणि त्याच क्षणी माणसानं कार्ड ओढलं, तर आधीच सोडून दिलेल्या मेमरीला हात लागण्याची शक्यता. स्मार्ट कार्ड रीडरसारख्या काही ड्रायव्हरांत नेमके असे दोष सापडले. दुरुस्त कोण करणार? ती कार्डं कुणाकडे नव्हती, त्या ड्रायव्हरांना वाली नव्हता. शेवटी २०२३च्या उन्हाळ्यात आलेल्या ६.४ आवृत्तीत ते सगळेच काढून टाकले. नंतरच्या वर्षभरात पहिल्या पिढीतल्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हरही गेले, ओरिनोको त्यातलाच. आणि हे काही नवं नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्याचाच आधार २०१२च्या डिसेंबरात काढला गेला. २०१८ साली तर आठ प्रकारचे प्रोसेसर एका दमात गेले.

वायफाय कार्डं गेली तेव्हा मात्र मला चुटपुट लागली. ती माझ्या तरुणपणाची होती. तेव्हा लॅपटॉपला नेटवर्क आतून नसायचंच. जे काही हवं ते खाचेतून यायचं, मोडेम, इथरनेट, वायफाय. इथरनेटच्या कार्डाला एक छोटी शेपटी असायची, केबल लावायला. ती शेपटी हरवली की चांगलं कार्ड निकामी, आणि बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दुकान दुकान फिरूनही नुसती शेपटी मिळायची नाही. २००५च्या आसपास सीडीएमएची, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून इंटरनेट देणारी, डेटा कार्डं आली. डेक्कन क्वीनमध्ये एखादा साहेब लॅपटॉप उघडून बसलेला आणि बाजूला बोटभर अँटेना उभी केलेली, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. कागदावर १४४ केबीपीएस, पण खंडाळ्याच्या बोगद्यांत शून्य. आणि त्या काळात लिनक्सवर कार्ड घातलं की लॅपटॉप आवाज करायचा. एक उंच टूं म्हणजे ओळखलं, दुसरा उंच टूं म्हणजे जोडलं. दुसरा आवाज खालच्या पट्टीत आला की पोटात गोळा, आता रात्र यातच जाणार. डेव्हिड हाइंड्स यांनी हे सगळं मुळात कर्नलच्या बाहेर, स्वतंत्र पॅकेज म्हणून लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. कर्नलमध्ये ते पुढे आलं. नंतर डॉमिनिक ब्रॉडोव्स्की यांनी ते निगुतीनं नीट केलं. कर्नलच्या देखभालीच्या यादीत या विभागापुढे जो शेरा आहे त्याचा अर्थ होतो, अधूनमधून डागडुजी.

त्या मानानं या कार्डांचं पुढचं आयुष्य भराभर सरलं. १९९५ला कार्डबस आलं, १६ बिटांचं ३२ झालं, २००३ला एक्स्प्रेसकार्ड, आणि तोवर यूएसबीनं बहुतेक कामं काढून घेतली होती. ज्या संघटनेच्या नावावरून कार्डाला पीसीएमसीआयए म्हणायचे, ती संघटनाही २०१०च्या सुमाराला गुंडाळली गेली.

पण लॅपटॉपमधून खाच गेली म्हणजे जगातून गेली असं झालं नाही, आणि ऑफिसात बोलताना मी हे साफ विसरलो होतो. माझ्या स्वतःच्या मामांच्या गाळ्यातलं मशीन मला आठवलं नव्हतं. फानुक या जपानी कंपनीच्या कंट्रोलना पडद्याशेजारी ही खाच असते. भोसरीत, चाकणला, कोल्हापूरच्या शिरोलीत, नाशिकला सातपूर-अंबडमध्ये, जिथे जिथे त्या पिढीची सीएनसी मशीनं उभी आहेत तिथे ऑपरेटरच्या खिशात किंवा टूल ट्रॉलीच्या खणात ही कार्डं सापडतील. युरोपात टीव्हीच्या मागे पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं जे मॉड्यूल घालतात त्याचा आकारही हाच. लॅपटॉप पाच-सात वर्षांत बदलतो. टर्निंग सेंटर पंचवीस वर्षं चालतं, आणि कर्ज फेडून झाल्यावरच त्याची खरी कमाई सुरू होते.

आधार काढायचा ठरतो तेव्हा एक प्रश्न विचारला जातो, हे अजून कुणी वापरतं का? प्रश्न रास्त आहे आणि तो प्रामाणिकपणे विचारतात. उत्तर आलं तर ते ऐकतातही. एखाद्यानं पुढे येऊन "माझ्याकडे आहे, मी तपासून देतो" म्हटल्यावर ड्रायव्हर राहिल्याचं मी पाहिलेलं आहे. पण प्रश्न विचारला जातो कर्नलवाल्यांच्या आपसातल्या पत्रव्यवहारात, इंग्रजीत, आणि उत्तराची वाट काही आठवडे पाहिली जाते. मामांना तो कळणार कसा? त्यांच्या लेखी लॅपटॉपवर लिनक्स आहे की आणखी काही, याला महत्त्व नाही. "भाच्याचा जाडा लॅपटॉप कार्ड वाचतो" एवढंच त्यांना ठाऊक. मी त्याच दुनियेत काम करतो, तो प्रश्न माझ्यापर्यंत आला होता, आणि मी उत्तर दिलं नाही. कुणी बोललं नाही म्हणून कुणी वापरत नाही असं धरलं गेलं, तर त्या न बोलणाऱ्यांत मी होतो.

माझी बाजू बदलली का? थोडी बदलली, पूर्ण नाही. इथे मला खोटं भावुक व्हायचं नाही. मामांची गरज भागवायला नवा कर्नल लागतच नाही. त्या लॅपटॉपवर लिनक्सचं डेबियन १२ आहे, त्याला २०२८च्या जूनपर्यंत सुरक्षेचे सुधार मिळायचे आहेत, आणि गाळ्यात त्याला इंटरनेटही लागत नाही. त्यापुढच्या डेबियन १३नं ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, त्यामुळे माझा लॅपटॉप तसाही गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला आहे. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड ॲडॉप्टरमधून वापरणाऱ्यांचं तर काहीच अडत नाही, यूएसबीचा साधा रीडर घेतला की झालं. अडतं ते एसरॅमवाल्यांचं. त्यांच्यासाठीही यूएसबीचे खास रीडर मिळतात, फक्त महाग.

म्हणून १६ बिटांच्या नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर काढा, असं मी आजही म्हणेन. त्या कार्डांवरून आज कुणी इंटरनेट चालवू नये. ज्या ड्रायव्हरात सुरक्षेचं भोक आहे आणि बुजवायला कुणी नाही तो ठेवणं ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे. पण खाच सांभाळणारा मूळ भाग आणि मेमरी कार्डांचा ड्रायव्हर, हे दोन राहू द्यावेत असं मला मनापासून वाटतं. आकारानं ते लहान आहेत आणि त्यांच्यावाचून ज्यांचं अडेल त्यांना दुसरी वाट महाग पडते. आणि जे काही काढायचं ते दीर्घ मुदतीच्या, म्हणजे काही वर्षं दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या, आवृत्तीनंतर काढावं. म्हणजे ज्याला कळलंच नाही त्याच्या हाताखाली काही वर्षं तरी चालतं काहीतरी राहील. "कोड इतिहासात आहेच की, हवा त्यानं परत घ्यावा" असं काहीजण म्हणतात. मी ड्रायव्हर लिहिणारा माणूस आहे, मलासुद्धा दोन वर्षांपूर्वी काढलेला ड्रायव्हर आजच्या कर्नलला बसवायला आठ-दहा दिवस लागतील. सेटरनी काय करायचं?

नुसतं असं वाटून भागत नाही, हेही मला माहीत आहे. राहू द्या म्हणणाऱ्यानं तपासण्याची जबाबदारी घ्यावी लागते. मी ती घ्यायचं ठरवलं. दर नव्या आवृत्तीला, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांनी एकदा, तो कर्नल थिंकपॅडवर चढवायचा. चार कार्डं घालायची, काढायची, वाचताना मधेच उपटायची, आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहून पाठवायचं. एक सीएफ, एक नेटवर्कचं, एक कार्डबसचं यूएसबी कार्ड, आणि चौथं मामांचं. तापकीर गल्लीत एका दुकानदाराकडे अजून एक एसरॅम कार्ड सापडलं. तो म्हणाला, "हे कशाला हवंय तुम्हाला?" मी सांगितलं तर त्यानं खालच्या खोक्यातून आणखी दोन काढून दिली आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

पहिली तपासणी गाळ्यातच केली, रविवारी, मशीनं बंद असताना. मामा शेजारी स्टूल ओढून बसले. नव्या कर्नलवर सीएफ लगेच दिसलं. नेटवर्कचं दिसलं. कार्डबसचं एकदा घातल्यावर दिसलं, दुसऱ्यांदा दिसलं नाही, तिसऱ्यांदा दिसलं. ते लिहून घेतलं. खाचेचाच दोष असेल, पण लिहून घेतलं. मग मुकं कार्ड. लिहिण्याबंदीचं बटण पाहिलं, ढकललं, शेवटचा जोर लावला. ओळख नाही. मॉड्यूल चढवलं. दिसलं, पूर्ण वाचलं, आणि पावसाळ्यात घेतलेल्या प्रतीशी ताडून पाहिलं तर एकेक बाइट जुळला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं. आता दोन-अडीच महिन्यांनी परत."

त्यांनी कार्ड पाकिटात घातलं, खिशातलं मार्कर पेन काढलं आणि पाकिटावर बॅटरी बदलल्याच्या तारखेखाली आजची तारीख लिहिली. मग शेजारच्या गाळ्यातल्या पटेलभाईंना हाक मारली. त्यांच्याकडेही असलं एक कार्ड आहे, त्याची बॅटरी कधी बदललीय ते त्यांना आठवत नाही.